मागचं दार रात्री उघडं असतं का?

(शारजातल्या एका कामगार वस्तीत रविवारी केलेलं भाषण. बोललो तसंच जवळजवळ ठेवलं आहे.)



आज रविवार. आठवड्यातली एकच सुट्टी. कपडे भिजत घातलेले असतील, घरी व्हिडिओ कॉल करायचा असेल, कुणाचा आज जेवण करायचा नंबर असेल. तरी एवढे जण खाली येऊन बसलात. म्हणून मी लांबड लावत नाही. पण एक गोष्ट बरीच वर्षं माझ्या मनावर आहे, ती आज तुमच्यापुढे ठेवणार आहे.

मी चिपळूणकडचा. आयटीआयला वायरमन झालो आणि २००९ साली हेल्पर म्हणून इकडे आलो. काम काय, तर आग विझवायचे लाल सिलिंडर गाडीतून उतरवायचे, खांद्यावरून वर न्यायचे, जुने खाली आणायचे, दुकानात बसून पावडर भरायची. पहिलं वर्षभर नाकातोंडात ती पिवळी पावडर असायची. मग टेक्निशियन झालो, परीक्षा दिल्या, आता इन्स्पेक्टर आहे. दुकानं, गोडाऊन, गॅरेज, रेस्टॉरंट, ऑफिसं, लेबर कॅम्प, सगळीकडे जाऊन आगीची यंत्रणा तपासायची, हे माझं काम.

आधी एक घोळ दूर करतो. आम्ही आलो की तुमच्यातले बरेच जण समजतात, सरकारचा माणूस आला. तसं नाही. सरकारचं खातं म्हणजे सिव्हिल डिफेन्स. त्यांचा इन्स्पेक्टर दंड करू शकतो, जागा बंद करू शकतो. माझ्यासारखा माणूस खाजगी कंपनीचा असतो. कंपनीला सिव्हिल डिफेन्सची मान्यता लागते, आणि जागेच्या मालकाला अशा कंपनीशी वर्षाचा देखभालीचा करार करावा लागतो. म्हणजे मी ज्याची जागा तपासतो, त्याच्याच पैशातून शेवटी माझा पगार निघतो. हे मी लपवत नाही. मी कुलूप ठोकू शकत नाही. मी रिपोर्ट लिहू शकतो. पण रिपोर्टात लिहिलेली गोष्ट कागदावर राहते, पुढे कुणीतरी विचारतं, आणि म्हणून मालक रिपोर्टला घाबरतो. माझी ताकद एवढीच, पण ती कमी नाही.

आता माझा दिवस कसा जातो बघा. सकाळी सातला गाडी निघते. दिवसाला पाच-सहा साईट. पोचलो की आधी पॅनल बघायचं. पॅनल म्हणजे भिंतीवरची लाल पेटी, जिच्यावर कुठल्या मजल्यावर धूर झाला ते दिसतं. मग काठीला धुराचा स्प्रे लावून छतावरचा डिटेक्टर वाजतो का बघायचं. पंप रूममध्ये जाऊन विजेचा पंप, डिझेलचा पंप चालू करून बघायचा. होज रीलचा पाईप ओढायचा, पाणी येतं का बघायचं. सिलिंडरचा काटा हिरव्यात आहे का, पिन आणि सील जागेवर आहे का. सीओटूच्या सिलिंडरला काटा नसतो, त्याचं वजन करावं लागतं. एक्झिटच्या दिव्याचं बटण दाबून बॅटरीवर पेटतो का. शेवटी बाहेर जायची दारं. मग फॉर्मवर खुणा, सही, स्टिकर, पुढची साईट.

आणि सापडतं काय? डिटेक्टरवर पिवळं झाकण तसंच. नवीन बसवताना धूळ जाऊ नये म्हणून लावतात, ते कुणी काढलेलंच नसतं. नाहीतर त्याच्यावर पॉलिथिन गुंडाळून रबर लावलेलं, कारण खाली कुणीतरी फोडणी देतं आणि अलार्म वाजतो. पॅनलचा आवाज बंद करून ठेवलेला. पंप 'ऑटो'वरून काढून ठेवलेला, म्हणजे आग लागली तरी तो आपणहून सुरू होणार नाही. जिन्याचं फायर डोअर उघडं राहावं म्हणून त्याला लाल सिलिंडरचीच टेकण दिलेली. गोडाऊनमध्ये माल पार स्प्रिंकलरला टेकलेला. स्प्रिंकलरच्या खाली अर्धा मीटरभर तरी मोकळं लागतं, नाहीतर पाणी पसरतच नाही. छतापर्यंत खोकी रचली की स्प्रिंकलर असून नसल्यासारखा.

हे सगळं मी एका दिवसात बघतो आणि लिहितो. पण मी तिथे असतो फार तर दोन तास, तेही तीन महिन्यांतून एकदा. बाकीचे दिवस आणि सगळ्या रात्री तिथे तुम्ही असता.

आता ती गोष्ट सांगतो. जागेचं नाव घेत नाही, माणसाचंही नाही.

इंडस्ट्रियल एरियात एक गोडाऊन होतं. आमच्या ऑफिसातून आदल्या दिवशी फोन जायचा, उद्या दहाला माणूस येतोय. मी गेलो तेव्हा सगळं चकाचक. मधला रस्ता मोकळा, सिलिंडर पुसलेले. मागच्या दाराची दांडी मी स्वतः दाबली, दार उघडलं, बाहेर ऊन आलं. मी 'ठीक' वर खूण केली.

निघताना तिथला एक हेल्पर माझी शिडी घेऊन गाडीपर्यंत आला. मघाशी मी फोनवर मराठीत बोलत होतो, ते त्याने ऐकलं होतं. जळगावकडचा होता. शिडी वर बांधली आणि हळूच म्हणाला, "साहेब, कधीतरी संध्याकाळी या."

मला वाटलं, गावाकडचा माणूस भेटला, चहाला बोलावतोय. मी म्हटलं, "येतो भाऊ, येतो." अजून चार साईट बाकी होत्या. गेलो.

दोन-अडीच महिन्यांनी त्या गोडाऊनला रात्री आग लागली. फोर्कलिफ्टच्या चार्जरपाशी सुरू झाली. आत रात्रपाळीची सात-आठ माणसं होती. मागच्या दाराला साखळी आणि कुलूप. माल चोरीला जातो म्हणून रोज संध्याकाळी सहाला साखळी लागायची, चावी सुपरवायझरच्या खिशात, आणि सुपरवायझर घरी. पुढचं शटर विजेवरचं, वीज गेली तेव्हा हातभर उघडं होतं. त्या फटीतून सगळे सरपटत बाहेर आले. कुणी गेलं नाही. पण जळगावचा भाऊ शेवटी आला. मागच्या दारावर धडका मारत बसला होता. दोन्ही हात भाजले, छातीत धूर गेला.

मी हॉस्पिटलला भेटायला गेलो. हाताला पांढरी बँडेज. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "साहेब, मी तुम्हाला संध्याकाळी या म्हणालो होतो."

मंडळी, त्याने मला सांगितलं होतं, आणि मला ते ऐकू आलं नाही. तो घाबरून आडून बोलला आणि मी घाईत सरळ अर्थ घेतला. तो नंतर गावी गेला. पुन्हा जड काम करता येईल असे हात राहिले नाहीत.

त्या दिवसापासून मी माझी पद्धत बदलली. आता मी "दार उघडतं का?" एवढंच विचारत नाही. मी विचारतो, "हे दार रात्री उघडं असतं का? चावी कुणाकडे असते? तो माणूस रात्री कुठे असतो?" दाराच्या दांडीवर साखळी घासल्याचे ओरखडे आहेत का ते बघतो. मधला रस्ता आजच मोकळा केलाय का, हे जमिनीवरच्या धुळीतल्या खोक्यांच्या चौकोनांवरून कळतं. आणि निघताना एकदा तरी फोरमन जवळ नसताना कामगाराशी बोलतो.

पण माझ्याएवढं सगळे थांबणार नाहीत. म्हणून तुम्ही आडून बोलू नका. तुमच्या जागेवर आमच्यासारखा माणूस आला तर एवढंच एक वाक्य बोला: "मागचं दार रात्री बंद असतं." किंवा "पॅनल आम्हाला बंद ठेवायला सांगतात." किंवा "कॅम्पच्या गच्चीला कुलूप आहे." हिंदीत बोला, मोडक्या इंग्रजीत बोला. नाव सांगायची गरज नाही. कुणी सांगितलं हे रिपोर्टात येत नाही, मी जे बघितलं ते येतं. तुम्ही फक्त मला कुठे बघायचं ते दाखवा.

तुम्ही म्हणाल, एका साखळीचं काय एवढं? कुवेतचं मंगफ आठवा. १२ जून २०२४, पहाटेची वेळ. कामगारांची इमारत. आग खाली, वॉचमनच्या खोलीपाशी विजेमुळे सुरू झाली असं तिथल्या अग्निशमन दलाने सांगितलं. खोल्यांमध्ये पेट घेणारी पार्टिशन होती. जिना धुराने भरला. वर जावं तर गच्चीचं दार कुलूपबंद. पंचेचाळीस भारतीयांचे मृतदेह हवाई दलाच्या विमानाने भारतात आणले. सगळ्यात जास्त केरळचे, पण त्यात आपल्या महाराष्ट्राचाही एक होता. बहुतेकांना आगीने नाही, धुराने मारलं.

आणि इथलंच उदाहरण. १५ एप्रिल २०२३, दुबईत देराच्या अल रासमध्ये भर दुपारी आग लागली. सोळा माणसं गेली, नऊ जखमी झाली. इमारतीत सुरक्षेचे नियम पाळलेले नव्हते, असं सिव्हिल डिफेन्सने प्राथमिक तपासानंतर सांगितलं.

धूर काय करतो ते नीट समजून घ्या. गादीतला फोम, प्लास्टिक, थिनर जळायला लागले की जो धूर होतो, त्यात विषारी वायू असतात. दोन-चार श्वासांत माणसाला भोवळ येते. झोपेत वासाने जाग येईल, या भ्रमात राहू नका. झोपलेल्याला वासाने जाग येईलच असं नाही, अलार्मच्या आवाजाने येते. म्हणून डिटेक्टरवरचं ते पॉलिथिन म्हणजे तुमच्याच कानात घातलेला बोळा आहे. हे मालकाने नाही केलेलं, खोलीतल्या आपल्याच पोरांनी केलेलं असतं. विडी ओढायची, भाजी टाकायची, म्हणून. आज वर गेलात की काढा. खोलीत शिजवणं बंद करा, किचनमध्ये शिजवा.

आणि ज्या पोरांकडे इलेक्ट्रिक सायकल, स्कूटर आहे, डिलिव्हरी करता, त्यांना हात जोडून सांगतो. बॅटरी दाराजवळ चार्जिंगला लावून झोपू नका. ती पेटली तर फटाक्यासारखी पेटते आणि तुमचा बाहेर जायचा एकच रस्ता अडवते. एकाच एक्स्टेंशन बोर्डावर पाच चार्जर, शेगडी आणि कूलर लावू नका. बोर्ड गरम लागला तर तो धोक्याची सूचना देतोय.

आता तुमच्या मनातला खरा प्रश्न. "साहेब, बोललो तर व्हिसा कॅन्सल होईल. घरी कर्ज आहे." ही भीती खोटी नाही. मी स्वतः हेल्पर होतो, मला माहीत आहे. म्हणून 'छाती काढून पुढे व्हा' असं मी सांगणार नाही. मी पायऱ्या सांगतो.

पहिली पायरी, एकट्याने जाऊ नका. खोलीतले चार-पाच जण मिळून कॅम्प बॉसला किंवा फोरमनला साध्या शब्दांत सांगा. "चोरीची भीती आहे तर दाराला अलार्म लावा, आतून चावीशिवाय उघडणारी दांडी ठेवा, पण साखळी नको." बऱ्याच वेळा एवढ्याने काम होतं, कारण सेफ्टीचा विषय निघाला की मॅनेजरलाही अंगावर घ्यायचं नसतं.

दुसरी पायरी, तोंडी सांगून झालं की व्हॉट्सअॅपवर लिहा. एकच ओळ, तारीख दिसेल असा फोटो. हा मेसेज का महत्त्वाचा ते सांगतो. इथला कामगार कायदा, म्हणजे २०२१ चा ३३ नंबरचा कायदा, त्याच्या ४५ व्या कलमात असं आहे, की कामाच्या जागी जिवाला मोठा धोका असेल, मालकाला तो माहीत असेल आणि तरी त्याने काही केलं नसेल, तर कामगार नोटीस न देता काम सोडू शकतो आणि त्याचे हक्काचे पैसे बुडत नाहीत. 'मालकाला माहीत असेल' हे शब्द लक्षात ठेवा. तुमचा मेसेज हाच त्याचा पुरावा. पण या कलमाच्या भरवशावर रागाने उठून निघून जाऊ नका. काम सोडायच्या आधी कामगार मंत्रालयाला फोन करून विचारा. नंबर ६०० ५९ ०००० आहे. आपल्या सरकारच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा फुकट नंबर ८०० ४६३४२ आहे, रात्रीही लागतो.

तिसरी पायरी, कॅम्पच्या खोलीचा विचार. राहायच्या खोलीत माणशी कमीत कमी तीन चौरस मीटर जागा हवी, असा इथला नियम आहे. मोजायला सोपं आहे. खोलीची लांबी गुणिले रुंदी, भागिले माणसं. तीनपेक्षा कमी आलं तर ती तक्रार करण्यासारखी गोष्ट आहे. गर्दी म्हणजे बाहेर पडायला उशीर, हे साधं गणित. जे बाहेर बेडस्पेस घेऊन राहतात, प्लायवूडची पार्टिशन करून, त्यांनी तर जास्त जपायला हवं. भाडं वाचतं खरं, पण ते प्लायवूड मिनिटांत पेट घेतं.

एक सावधगिरी. काढलेले फोटो, व्हिडिओ फेसबुकवर, टिकटॉकवर टाकू नका. इथला सायबर कायदा कडक आहे, चूक मालकाची आणि केस तुमच्यावर, असं होईल. फोटो फक्त तक्रारीसाठी.

आणि पासपोर्ट. तो तुमच्याजवळच असायला हवा, मालकाने ठेवून घेणं कायद्यात बसत नाही. पासपोर्ट, व्हिसा, एमिरेट्स आयडी यांचे फोटो काढून घरी पाठवून ठेवा. आगीत कागद जळाले की मागे राहिलेल्या माणसाचे फार हाल होतात.

आता आग लागलीच तर. थोडक्यात सांगतो, कारण त्या वेळी जास्त काही आठवत नाही.

ओरडा, अलार्मची काच दाबा, खोलीतल्यांना उठवा. छोटी आग असेल आणि तुमच्या पाठीमागे दार असेल, तरच सिलिंडर उचला. पिन काढा, नळी आगीच्या बुडाशी धरा, दांडा दाबा, डावीकडून उजवीकडे फिरवा. सहा किलोचा सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांत संपतो. संपला आणि आग नाही विझली, तर निघा. दुसरा शोधायला जाऊ नका. तेलाच्या कढईवर पाणी ओतू नका, झाकण टाका आणि गॅस बंद करा. वायर जळत असेल तर पाणी नको.

धूर असेल तर खाली वाका, गुडघ्यांवर चला, चांगली हवा जमिनीलगत असते. दार उघडायच्या आधी हाताच्या मागच्या बाजूने चाचपा. गरम असेल तर उघडू नका, फटीत ओले कपडे कोंबा आणि खिडकीतून दिसाल असे थांबा. लिफ्ट वापरू नका. बाथरूममध्ये लपू नका. मुंबईच्या कमला मिलमध्ये २०१७ च्या डिसेंबरात चौदा जण गेले, त्यातले बरेच जण बाथरूममध्ये सापडले होते. बाहेर पडताना दारं मागे ओढून घ्या. पैसे, मोबाईल, पासपोर्टसाठी परत वर जाऊ नका.

फोन ९९७, हा इथला सिव्हिल डिफेन्सचा नंबर. हे भाषण बाहेर कुणी वाचत असेल तर कुवेतमध्ये ११२, ओमानमध्ये ९९९९, कतार आणि बहरीनमध्ये ९९९, सौदीत ९९८. आधी जागा सांगा, मग आग. दुबईत इमारतीच्या दाराशी दहा आकडी मकानी नंबर असतो, तो आजच मोबाईलमध्ये लिहून ठेवा. वस्तीत राहत असाल तर कॅम्पचं नाव, रस्ता आणि जवळची खूण सगळ्यांना पाठ हवी.

तरुण पोरांसाठी एक शेवटचं. या कामात यायचं असेल तर या. हेल्परपासून सुरुवात होते, वायरिंग येत असेल तर पुढे लवकर जाता येतं, इंग्रजी वाचता यायला हवं. या धंद्यात डोळे लागतात, आणि खोटी सही न करण्याचा हट्ट लागतो. मालक म्हणतो, "भाई, ओके लिख दो, अगले हफ्ते ठीक कर देंगे." तिथे 'ठीक नाही' लिहायला जमलं पाहिजे. मला ते नेहमी जमलं, असं मी म्हणणार नाही. जळगावच्या भावाचे हात बघितल्यापासून मात्र जमतं.

आता सभा संपली की चहा आहे. चहा घेऊन खोलीवर जाताना एक काम करा. तुमच्या पलंगापासून निघा आणि दोन रस्त्यांनी बाहेर जाऊन बघा. पावलं मोजा, अंधारात लागतील. गच्चीचं दार ढकलून बघा. कुलूप असेल तर कॅम्प बॉसकडे चार जण मिळून जा, आणि उद्या रात्री पुन्हा एकदा ढकलून बघा.

मी अजून तासभर इथेच आहे. ज्यांना सगळ्यांसमोर बोलायचं नाही, त्यांनी माझ्याबरोबर गाडीपर्यंत चला. शिडी मी स्वतः उचलीन. तुम्ही फक्त सरळ बोला.